ओळख असेल तरच दिसते : ‘ऋतुचक्र’, ‘रानवाटा’ आणि काळा घोडा

‘माणसाला आता पाहायला वेळच राहिलेला नाही’ हे वाक्य मराठी व्याख्यानांत, स्नेहसंमेलनांच्या भाषणांत आणि ललित लेखांच्या शेवटी इतक्या वेळा येऊन गेले आहे, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. सौंदर्य सभोवती आहेच, फक्त तुम्ही धावपळीत आहात म्हणून ते तुम्हाला दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्यातून निघणारा उपदेशही ठरलेला: थांबा, श्वास घ्या, पाहा. प्रस्तुत लेखात मला या वाक्याची उलटतपासणी करायची आहे. मी कोणत्याही विद्यापीठाशी संबंधित नाही. पोटासाठी हिशेबाचे काम आणि उरलेल्या वेळात वाचन, अशी माझी तीस वर्षे गेली. म्हणजे ‘धावपळीतला माणूस’ म्हणून ज्याला हा उपदेश केला जातो, त्यांतलाच मी एक. या प्रश्नात मला रस आहे तो त्यामुळेच.

या उपदेशाला आधार म्हणून हल्ली एक परदेशी उदाहरण हटकून दिले जाते. १२ जानेवारी २००७ रोजी सकाळी आठच्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या एका मेट्रो स्थानकाच्या दारात जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साध्या कपड्यांत उभा राहिला आणि १७१३ साली घडवलेल्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनवर त्याने ४३ मिनिटे वादन केले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने घडवून आणलेला तो प्रयोग होता. १,०९७ माणसे समोरून गेली. निदान मिनिटभर थांबून ऐकणारी निघाली सात. पेटीत जमा झाले जेमतेम ३२ डॉलर. जीन वाइनगार्टन यांच्या त्या लेखाला २००८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि तेव्हापासून ही गोष्ट जगभर फिरते आहे. आपल्याकडे ती सांगणारे एक हजार सत्त्याण्णव आणि सात या दोन आकड्यांवर थांबतात आणि माणूस किती बधिर झाला आहे, असा निष्कर्ष काढून खाली बसतात.

परंतु मूळ लेखात त्या थांबलेल्या माणसांविषयीही लिहिले आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. थांबलेल्यांपैकी एकाने तरुणपणी स्वतः व्हायोलिनचे गंभीर शिक्षण घेतले होते. पुढे ते सुटले. एका बाईने तीनच आठवड्यांपूर्वी बेलचा कार्यक्रम ऐकला होता. तिने त्याला चेहऱ्याने ओळखले. आणि एक गृहस्थ असा, की ज्याला या संगीतातले काही कळत नव्हते, पण त्या दिवशी तो कामावर तीन मिनिटे लवकर पोहोचला होता. ती तीन मिनिटे त्याने भिंतीला टेकून ऐकण्यात घालवली.

या तीन माणसांत मला सगळा प्रश्न सामावलेला दिसतो. दोघांना ओळख होती. तिसऱ्याजवळ फुरसत होती. उरलेल्या हजार माणसांना सौंदर्याची जाण नव्हती, असे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. त्यांच्याजवळ त्या घडीला ना ओळख होती ना तीन मिनिटे, एवढेच सिद्ध होते. ओळख कुठून येते आणि फुरसत कोणाला मिळते, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ‘थांबा आणि पाहा’ म्हणणे हा भरल्या पोटाचा उपदेश ठरतो. मराठीतल्या तीन लेखकांकडे हे दोन प्रश्न घेऊन गेलो, तर उत्तरे मिळतात असा माझा अनुभव आहे.

पहिल्या अर्थातच दुर्गा भागवत. ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले १९५६ साली. त्याच वर्षी मार्चमध्ये बा. सी. मर्ढेकर गेले, हा निव्वळ योगायोग. पण तो अर्थपूर्ण आहे. माघातल्या पहाटे उजळत जाणारे मुंबईचे बंदर मर्ढेकरांनी कवितेत आणले होते, यंत्रे आणि गाड्यांच्या शहरालाही सकाळ असते हे त्यांनी दाखवले होते. त्याच शहरात राहून दुर्गाबाईंनी बारा महिन्यांचे बारा लेख लिहिले. ‘ऋतुचक्र’ हे रानात जाऊन लिहिलेले पुस्तक आहे अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते मुख्यतः शहरात राहणाऱ्या, ग्रंथालयात बसून काम करणाऱ्या एका संशोधक स्त्रीचे पुस्तक आहे. येता-जाता दिसणारी झाडे, तुकड्यातुकड्याने दिसणारे आकाश, समुद्र, बाजारात येणारी फळेफुले ही त्याची सामग्री. तिला जोड मिळाली आहे संस्कृत काव्याची, लोककथांची आणि सणावारांची.

या पुस्तकाची थोरवी त्याच्या भाषेत आहे असे सहसा म्हटले जाते. माझ्या मते ती तिथे कमी आणि नोंदींच्या काटेकोरपणात अधिक आहे. भाषा काही ठिकाणी अलंकारांनी जड होते. संस्कृत समासांची दाटी झाली की झाड मागे पडते आणि शब्द पुढे येतात. ते दुर्गाबाईंच्या काळाचे वळण म्हणून सोडून द्यावे. पण झाड बहरलेले असतानाच पाहायचे, हा आपला सर्वसाधारण रिवाज त्यांनी मोडला. पानगळ, कोंभ, कोवळ्या पानांचा तांबूस रंग, न पिकलेले फळ, वाळलेली शेंग या सगळ्या अवस्था त्यांच्या नजरेत सारख्याच मोलाच्या आहेत. एकाच झाडाला वर्षातून अनेकदा भेटल्याखेरीज हे लिहिता येत नाही. ‘वसंतहृदय चैत्र’ हा लेख पाठ्यपुस्तकातून अनेकांनी वाचलेला असेल. परीक्षेसाठी त्यातल्या उपमा पाठ केल्या. त्यामागची वर्षभराची हजेरी मात्र आपल्याला कोणी दाखवून दिली नाही.

आता नागपूरकर वाचकाची अडचण सांगतो. ‘ऋतुचक्र’चे पंचांग आपले आहे, हवा आपली नाही. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, नागपुरात त्याच्या निम्म्याच्या आसपास. मुंबईच्या वैशाखाला समुद्राची दमट झुळूक आहे. आमच्या वैशाखात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आमच्याकडे नवतपा आहे, म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, ज्यात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी दुचाकी काढत नाही आणि महानगरपालिका चौकाचौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधते. तेव्हा दुर्गाबाईंचे पुस्तक इथे जसेच्या तसे चालवता येत नाही. मी गेली काही वर्षे ते महिन्यामहिन्याने वाचतो आणि सीताबर्डी ते सिव्हिल लाइन्स या माझ्या रोजच्या रस्त्यावरची झाडे शेजारी मांडतो.

त्यातून जे हाती आले त्याचा नमुना सांगतो. गुढीपाडव्याला कडुनिंबाची डहाळी घरोघरी लागते. चैत्रात रात्री कडुनिंबाच्या मोहराचा जो गोडसर वास रस्त्यावर उतरतो, तो मात्र ती डहाळी आणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. मी विचारून पाहिले आहे. वास येतो हे बहुतेकांनी मान्य केले. तो कडुनिंबाचा, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटले, कारण कडुनिंब म्हणजे कडू हे मनात पक्के. वास नाकाला मिळत होता, पण त्याला टांगायला खुंटी नव्हती म्हणून तो विरून जात होता. नाव मिळाले की पुढच्या वर्षी त्याची वाट पाहिली जाते. बहाव्याचेही तसेच. मे महिन्यात, सगळे शहर डोळे मिटून घेत असताना, त्याचे पिवळे घोस लोंबत असतात. सिग्नलच्या जाळीखाली उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतात. पण ‘बहावा’ हा शब्द ज्याच्याजवळ आहे, त्याला ते ओळखीचे कोणी भेटावे तसे दिसतात. पाहणे हे बरेचसे पुन्हा भेटणे असते.

ओळख शब्दांतून येते, हे दुसऱ्या लेखकाने आयुष्यभर केलेल्या कामावरून कळते. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात तीन दशकांहून अधिक काळ राहिला आणि निवृत्तीनंतर अनेक वर्षे नागपुरात राहिला. ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘चकवाचांदण’ ही पुस्तके आपण जंगलाची पुस्तके म्हणून वाचतो आणि कपाटात ठेवतो. मला त्यांत एका शब्दसंग्राहकाचे काम अधिक दिसते. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना लक्षात येते, की लेखक तिथे साहेब म्हणून गेला तरी ऐकायला बसला विद्यार्थ्यासारखा. माधवराव पाटलांसारखे गावातले जाणकार, तळ्यावरचे ढिवर, रानातले गोंड यांच्याकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, पाण्याची नावे घेतली. ज्या तळ्यावर ते बसले, ते बांधण्याचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते; तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाचे ते ज्ञान होते. म्हणजे चितमपल्लींचे पाहणे हे एकट्याचे नव्हते. अनेकांनी आधी पाहून ठेवलेले त्यांनी लेखी केले.

जिथे शब्द सापडला नाही तिथे त्यांनी तो घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ हे त्यांचे शब्द प्रसिद्ध आहेत. या शब्दांचा उपयोग काय, असे एका मित्राने मला विचारले. मी त्याला पावसाळ्यातले एक झाड दाखवले. शहरातल्या कोणत्याही जुन्या, गर्दीच्या भागात असे एखादे झाड असते, ज्याच्याखाली कोणी गाडी लावत नाही, कारण वरून घाण पडते. त्या झाडाविषयी लोकांजवळ तेवढाच एक शब्द असतो: घाण. वर पाहिले तर घरट्यांची अख्खी वस्ती असते. पिले ओरडत असतात, मोठे बगळे तळ्यावरून चोच भरून परतत असतात. ‘सारंगागार’ म्हटल्याने खालची घाण नाहीशी होत नाही. पण घाण हा त्या झाडाविषयीचा शेवटचा शब्द राहत नाही. एका शब्दाने एवढे काम केले तरी पुष्कळ झाले.

इथपर्यंत ओळखीचा प्रश्न झाला. फुरसतीचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तिथे ‘ऋतुचक्र’ आणि ‘रानवाटा’ ही दोन्ही पुस्तके गप्प आहेत. एका लेखिकेजवळ अभ्यासकाचे स्वातंत्र्य होते, दुसऱ्याची नोकरीच जंगलात होती. ज्याला आठ तास उभे राहून काम करायचे आहे, त्याच्या पाहण्याचे काय? नारायण सुर्व्यांनी रस्त्यालाच आपले विद्यापीठ म्हटले, ते याच प्रश्नाचे एक उत्तर होते. दुसरे उत्तर अरुण कोलटकरांनी दिले.

‘काळा घोडा पोएम्स’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आला. तो इंग्रजीत आहे म्हणून मराठी समीक्षेने त्याला पाहुण्यासारखे वागवले. पण त्यातले डोळे ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आणि ‘भिजकी वही’ लिहिणाऱ्याचेच आहेत. मुंबईत काळा घोडा नावाच्या चौकात आता तो घोडा नाही. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवला आणि राणीच्या बागेत नेला. नाव उरले. त्या चौकातल्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात कोलटकर वर्षानुवर्षे बसत आणि खिडकीबाहेरचा वाहतुकीच्या मधला तिकोनी तुकडा पाहत. तिथे त्यांना जे दिसले ते असे: गावठी कुत्रा, कावळा, जुना सायकलचा टायर, उंदराचे औषध विकणारा माणूस, रॉकेलच्या रांगेतल्या बायका, एकमेकींच्या उवा काढणे, आणि सकाळी इडल्या घेऊन येणारी बाई, जिच्याभोवती फुटपाथवरची सगळी उपाशी माणसे जमतात आणि थोड्याच वेळात पांगतात. त्या न्याहारीची त्यांनी एक दीर्घ कविता केली. मुंबईतून जाणाऱ्या हजारो माणसांच्या डोळ्यांसमोरून ती पंगत रोज उठत होती.

या कवितांचे दोन विशेष इथे नोंदवतो. पहिला असा, की ज्याला आपण सुंदर म्हणतो त्या वस्तू त्यांत जवळजवळ नाहीत, तरी संग्रह वाचून झाल्यावर मनात जे राहते त्याला सौंदर्याखेरीज दुसरा शब्द सापडत नाही. दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. ढकलगाडीतला कचरा पायांनी तुडवून दाबणारी सफाई कामगार स्त्री त्यांच्या एका कवितेत आहे. कवितेचे नाव ‘मीरा’. ही बाई पाहण्याजोगी आहे असे कवी म्हणतो, पण तिने स्वतः थांबून काही पाहावे असा उपदेश तो तिला करत नाही. कवीजवळ फुरसत आहे, खिडकी आहे, चहाचा पेला आहे. त्या फुरसतीची परतफेड तो तिला कवितेच्या मध्यभागी बसवून करतो. ज्याला वेळ आहे त्याने, ज्याला वेळ नाही त्याच्याकडे पाहावे, अशी ही नीती आहे. माझ्या मते ‘थांबा आणि पाहा’पेक्षा ती कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

या नीतीची परीक्षा नागपुरात रोज पहाटे होते. शरदात बुचाची म्हणजे आकाशनिंबाची लांब देठांची पांढरी फुले रात्रभर गळतात आणि उजाडताना रस्ता पांढरा झालेला असतो. ते पाहणारी पहिली व्यक्ती सहसा झाडूवाली असते, आणि ती फुले हा तिचा कचरा असतो. जास्त फुले म्हणजे जास्त झाडणे. फिरायला निघालेला माणूस त्या फुलांचा फोटो काढतो आणि झाडूच्या फटकाऱ्यातून जरा बाजूला सरकतो. या प्रसंगात कोणाची सौंदर्यदृष्टी अधिक तरल, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. फुलांचे वजन माहीत असलेली एक आणि त्यांचे रूप माहीत असलेला एक, अशी दोन अर्धी ज्ञाने तिथे शेजारी उभी असतात. त्यांची गाठ घालून देणारे लेखन आमच्या शहराविषयी फारसे झालेले नाही.

नागपूरला मोठे लेखक लाभले नाहीत असे नाही. पण ग्रेस यांच्या कवितेतली संध्याकाळ ही बहुधा मनाची संध्याकाळ आहे; तिच्यात सीताबर्डीचा चौक शोधू नये, आणि तो नाही म्हणून तक्रारही करू नये. अडचण अशी, की मनाची संध्याकाळ लिहिली गेली आणि चौकातली संध्याकाळ कोणी लिहायचीच राहिली. संत्र्यांचे शहर म्हणून आपण मिरवतो. परंतु आंबिया बहराला संत्र्याच्या बागेत जो दरवळ असतो त्याचे, किंवा मृग बहरासाठी झाडाला मुद्दाम ताण देणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेचे वर्णन नागपूरकर वाचकाला आपल्या वाचनातून चटकन आठवत नाही. मेट्रो आल्यापासून तर नवीच जागा मिळाली आहे. अंबाझरीकडे जाणाऱ्या गाडीतून झाडांचे शेंडे वरून दिसतात. जे आजवर फक्त पाखरे पाहत होती ते शहराने पहिल्यांदाच पाहिले. गाडीतली बहुतेक माणसे मोबाइलमध्ये असतात, हे खरे. पण घाईच्या साधनानेच ही खिडकी उघडली, हेही तितकेच खरे.

हा सगळा खटाटोप केवळ रसिकतेसाठी असता, तर मी तो एवढ्या आग्रहाने मांडला नसता. २०२१ साली अजनीच्या रेल्वे वसाहतीच्या परिसरात इंटरमॉडेल स्थानकासाठी मोठ्या प्रमाणावर झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनाने केलेली पहिली गोष्ट नाव देण्याची होती: ‘अजनी वन’. नकाशावर जी रेल्वेची मोकळी जागा होती, तिला वन म्हटल्याबरोबर वादाचे स्वरूपच बदलले. जिच्या शेजारून लोक वर्षानुवर्षे जात-येत होते, ती जागा लोकांना दिसू लागली. त्याच वर्षी राज्याने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून संरक्षण देण्यासाठी वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती केली. कायदा झाला, चांगले झाले. पण अमुक झाड पन्नास वर्षांचे आहे हे सांगणार कोण? ज्याने ते लहानपणी पाहिले, ओळखले आणि लक्षात ठेवले, तोच. ज्या झाडाला गल्लीत नाव नाही, त्याच्या तोडणीची नोटीस लागली तरी ती कोणी वाचत नाही. म्हणून ‘ऋतुचक्र’सारखे पुस्तक हे माझ्या दृष्टीने नागरिकशास्त्राचेही पुस्तक आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. रोजच्या धावपळीतले सौंदर्य दिसत नाही याचा दोष धावणाऱ्या माणसावर टाकणे मराठी समीक्षेने आता थांबवावे. दुर्गाबाईंनी दाखवले की पुन्हा पुन्हा भेटल्याने ओळख होते. चितमपल्लींनी दाखवले की ती ओळख पुष्कळदा अशा माणसांकडून मिळते, ज्यांना आपण विचारत नाही. कोलटकरांनी दाखवले की आपल्याला मिळालेली फुरसत ही एक जबाबदारी आहे. यातली कोणतीच गोष्ट काम सोडून रानात जाण्याची मागणी करत नाही. बसच्या थांब्यावरच्या एका झाडाचे नाव विचारून घ्यायला तीन मिनिटे पुरतात.

विदर्भ साहित्य संघाने २०२३ साली शंभरी पूर्ण केली. या शंभर वर्षांत विदर्भाचे म्हणून एक ‘ऋतुचक्र’ का लिहिले गेले नाही, असा प्रश्न मी तिथल्या वाचकमित्रांना अधूनमधून विचारतो. ते एका हाताने लिहिले जाईल असे मला वाटत नाही. त्यात पळसाच्या पत्रावळी लावणारी बाई हवी, बहराचा ताण जाणणारा संत्र्याचा बागायतदार हवा, पहाटेची झाडूवाली हवी आणि आमच्यासारखे कारकूनही हवेत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा सातवीण फुललेली असेल. संध्याकाळी रस्त्यावर येणारा तो उग्र, काहींना डोकेदुखी वाटणारा वास तिचाच. आश्विन-कार्तिकाच्या पानावर पहिली नोंद तिथूनही करता येईल.